एकाच नंबरचा पॉलिश पेपर आणला तर भागतं का?

नाही भागत. सँडपेपर, म्हणजेच पॉलिश पेपर, म्हणजे काय, तो कशाला वापरतात आणि जुनं टेबल घासायला एकच नंबर आणला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या दोन प्रश्नांचं थोडक्यात उरकतो, कारण तिसऱ्यावरून आमच्या घरात आजही वाद आहे.

कागदाच्या किंवा कापडाच्या पाठीवर धारदार कण चिकटवले की झाला पॉलिश पेपर. आजच्या कागदावर वाळू नसते. लाकडाच्या कागदावर बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं, आणि पाणी लावून घासायच्या काळ्या वॉटर पेपरवर सिलिकॉन कार्बाइड. लाकूड सपाट करणं, गंज काढणं, लांबी (खड्डे-भेगा भरायची पुट्टी) घासणं, रंगाच्या दोन हातांमध्ये पकड आणणं, ही त्याची रोजची कामं.

आता नंबर. कण ज्या चाळणीतून चाळतात, तिला एका इंचात किती भोकं आहेत त्यावरून तो आकडा येतो. म्हणून आकडा मोठा तेवढा कण बारीक. ८० नंबरचा कण साधारण ०.२ मिलीमीटरचा असतो, २२० चा त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

आमचं फर्निचर पॉलिशचं काम. एका सागवानी डायनिंग टेबलाचा टॉप दादाने घासायला घेतला आणि पाय माझ्याकडे दिले. मशीनला ८० लावून त्याने रंध्याच्या खुणा काढल्या आणि थेट २२० हातात घेतला. मी म्हटलं, "दादा, मधले १२० आणि १८० घे." तर म्हणाला, "अरे, हात फिरवून बघ, लोण्यासारखा झालाय. उरलंसुरलं पॉलिश झाकेल." हाताला तो टॉप खरंच गुळगुळीत लागत होता. मी टॉर्च टॉपलगत आडवी धरून चरे दाखवले, ते त्याने बघितलेही नाहीत.

मग गडद स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, चढवला आणि मशीनच्या गोल गोल वळ्या अख्ख्या टॉपवर उमटल्या. ८० च्या कणाने पाडलेले चर खोल असतात. २२० चा बारीक कण त्यांचे फक्त कंगोरे काढतो, तळापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागतो आणि तेवढं कुणी घासत बसत नाही. बोटांना कंगोरेच कळतात, तळ कळत नाही. स्टेन मात्र नेमका तळात साठतो आणि काळा दिसतो. वरून पॉलिश मारलं की चकाकीने तो आणखी उठून दिसतो. पॉलिश काही झाकत नाही, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो.

स्टेन आत मुरलेला, त्यामुळे टॉप पुन्हा ८० पासून घासावा लागला. घन सागवान होतं म्हणून निभावलं. वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचं विनियर, असतं तर आरपार गेलं असतं. दादाचं म्हणणं अजून हेच की स्टेनच खराब होता. त्याच डब्यातला स्टेन पायांवर एकसारखा बसला होता, कारण पायांना मी एकही नंबर गाळला नव्हता.

तेव्हा तुम्हाला कुणी "एकच आण" किंवा "मधले नंबर हवेत कशाला" म्हणत असेल, तर त्याच लाकडाचा एक टाकाऊ तुकडा घ्या. अर्धा ८०, १२०, १८०, २२० असा क्रमाने घासा, अर्धा ८० वरून थेट २२० ने, आणि दोन्हीवर एकच स्टेन फिरवा. त्या माणसाला तो तुकडा उजेडात नेऊन दाखवा.

टेबलावर प्रत्येक नंबरआधी पेन्सिलने हलक्या रेघा मारा, रेघा गेल्या की पुढचा नंबर घ्या. मध्ये धूळ पुसा, जाड कण मागे राहिला तर नवा ओरखडा पाडतो. सपाट जागेवर कागद ठोकळ्याला गुंडाळूनच घासा, नुसत्या बोटांनी लाकडाचे मऊ रेषे खोल जातात. शेवटचा हात लाकडाच्या रेषेच्या दिशेने, मशीनशिवाय.

हे सगळं स्टेन आणि पारदर्शक पॉलिशसाठी. ऑइल पेंट द्यायचा असेल तर १५० किंवा १८० वर थांबलात तरी चालतं, रंगाचा जाड थर बारीक चरे खरोखर झाकतो. टेबल आधीच बऱ्यापैकी गुळगुळीत असेल तर ८० ला हात लावू नका, १२० पासून धरा. स्टेनखाली २२० च्या फार पुढे जाऊ नका, लाकूड इतकं घोटलं जातं की रंग कमी पितं. पॉलिशच्या कोटांच्या मध्ये ३२० पुरे.

आणि मास्क लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात घातली आहे. टेबलावर फार जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो आधी तपासून घ्या, तोवर कोरडा घासू नका.