एकोणिसाव्या शतकातील जर्मन कवी डॉ. फ्रीडरिश विल्हेल्म वेबर यांना साहित्यिक मानावे की धर्मप्रचारक? त्यांचे काव्य मुलांना वाचायला द्यावे का?

आपल्या प्रश्नातील ‘की’ मला खटकला, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. मी वसईचा, कॅथलिक आणि गेली चौतीस वर्षे दवाखाना चालवणारा डॉक्टर आहे. आमच्या धर्मग्रामातील मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींचे बाड घेऊन मी एकदा एका संपादकांकडे गेलो होतो. त्यांनी चार पाने चाळली आणि “डॉक्टर, हे साहित्य नव्हे, प्रवचन आहे, तुम्ही आपले रुग्ण पाहा,” असे म्हणून बाड परत केले. चहा मात्र आग्रहाने पाजला. ज्या तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी मी स्वतः तीन रात्री काढल्या होत्या, तो त्या गोष्टीत पाचव्या पानावर येतो.

वेबर यांनाही कोणी असेच सांगितले असते, तर? जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतातील आल्हाउझेन येथे 1813 च्या नाताळच्या दिवशी एका वनरक्षकाच्या घरी जन्मलेला हा माणूस ग्राइफ्सवाल्ड आणि ब्रेसलाऊ येथे वैद्यक शिकला, ड्रीबुर्ग परिसरात रुग्ण तपासत राहिला, प्रशिया या जर्मन राज्याच्या विधिमंडळात अनेक वर्षे कॅथलिकांच्या सेंट्रम पक्षातर्फे बसला आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, 1878 मध्ये, पाडरबोर्नहून त्याने ‘ड्रायत्सेनलिंडेन’ हे कथाकाव्य प्रसिद्ध केले. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क याचे सरकार तेव्हा कॅथलिक चर्चशी झगडत होते; पाडरबोर्नच्याच बिशप कोनराड मार्टिन यांना आधी कैद आणि मग पदच्युती भोगावी लागली होती. अशा काळात वेबर यांनी बिस्मार्कवर एक ओळही न खर्चता नवव्या शतकातील वेझर नदीकाठच्या सॅक्सन या जर्मन जमातीच्या लोकांची कथा सांगितली, हा त्यांचा संयम मला फार मोठा वाटतो. काव्याच्या आवृत्त्या शेकड्यांनी निघाल्या.

कथानायक एल्मार जुन्या देवांना मानणारा आहे. त्याच्यावर खोटा आळ येतो, तो बहिष्कृत होतो, जखमी होतो आणि मठातील साधू त्याची शुश्रूषा करतात. बाप्तिस्मा त्यानंतर येतो. माझ्या मते हा क्रम प्रचारकाला नव्हे, डॉक्टरलाच सुचतो: आधी जखम, मग धर्म. इंग्रज कवी टेनिसनचे ‘ईनॉक आर्डन’ हे कथाकाव्य जर्मनमध्ये आणणाऱ्या माणसाला काव्य कशाशी खातात हे कळत नव्हते, असे म्हणणाऱ्याने निदान पाचव्या पानापर्यंत वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

मुलांना द्यावे का? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला जरूर द्यावे, त्याहून लहानांना ते लांबलचक वाटेल. एक गोष्ट मात्र त्यांना सोबतच सांगावी: प्रत्यक्षातील सॅक्सनांचे धर्मांतर इतके हळुवार नव्हते. फ्रँक लोकांचा ख्रिस्ती राजा शार्लमेन याने 782 मध्ये वेर्डन येथे साडेचार हजार सॅक्सनांची कत्तल केल्याची नोंद फ्रँकांच्याच राजवृत्तांतात आहे.