सीजे-३बीच्या ट्रान्सफर केसला सीजे-३एचे पार्ट्स: साल विचारू नका, शाफ्ट मोजा

नमस्कार. तुमची सीजे-३बी जीप १९६२ची. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) टू-व्हील हायमध्येसुद्धा, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असताना साध्या वेगातही, रडते आणि एका सीजे-३ए या आधीच्या मॉडेलचा टी-९० गिअरबॉक्स ट्रान्सफर केससकट स्वस्तात मिळतोय, तर त्यातलं काय चालेल, असा तुमचा प्रश्न आहे. हाच घोळ मी निस्तरलेला आहे म्हणून सविस्तर लिहितोय. गाडीखालून बॉक्स कसा उतरवायचा वगैरे तुमच्या मिस्त्रीला येत असणार, ते सोडून देतो.

डाना १८ ही ट्रान्सफर केस दुसऱ्या महायुद्धातल्या एमबी जीपपासून सीजे-३बीपर्यंत सगळीकडे आहे. बाहेरून एकीला झाका, दुसरी काढा. फरक आत, इंटरमीडिएट शाफ्टच्या, म्हणजे मधलं गिअर ज्यावर फिरतं त्या दांड्याच्या जाडीत. एमबी आणि सुरुवातीच्या सीजे-२एला पाऊण इंच (१९.०५ मिमी), नंतरच्या सीजे-२ए आणि सीजे-३एला सव्वा इंचाला एक सूत कमी समजा, म्हणजे १ १/८ इंच (२८.५८ मिमी), आणि सीजे-३बीच्या काळात पन्नाशीच्या दशकात आला तो १ १/४ इंच (३१.७५ मिमी). शाफ्ट बदलला की त्यावरचं गिअर, सुया (नीडल बेअरिंग), थ्रस्ट वॉशर (गिअरच्या दोन बाजूंच्या चकत्या) आणि केसचं भोक, सगळंच बदललं. यातली एकही वस्तू दुसऱ्या जाडीच्या केसमध्ये जात नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर कुणी फसलं नसतं, कारण शाफ्ट भोकात गेला नाही की लगेच कळतं. पैसे बुडतात ते इनपुट गिअरमध्ये. गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टच्या शेपटीवर, कॅसल नटखाली बसतं ते. १ १/८च्या केसला त्याचे दाते २६, १ १/४च्या केसला २९. पण दोन्ही टी-९०च्या मेनशाफ्टला स्प्लाइन (लांबट खाचा) सहाच. त्यामुळे चुकीचं गिअर शेपटीवर गुळगुळीत सरकतं, नट आवळतो, कॉटर पिन जाते, आणि दाते इंटरमीडिएट गिअरशी जुळत नाहीत हे नंतर कळतं. म्हणून हे गिअर गिअरबॉक्सचं समजूच नका. ते ट्रान्सफर केसचं आहे. सीजे-३एचा गिअरबॉक्स घेतलात तरी शेपटीवर तुमच्या केसचं २९ दात्यांचंच चढवायचं.

आणि इथेच काउंटरवरची मंडळी नडतात. नाव घेत नाही, पण मोठं दुकान आहे. दाते किती म्हणून स्पष्ट विचारलं तर उत्तर आलं, "सगळ्या जीपला एकच येतं." पुडक्यावर ना दाते, ना शाफ्टची जाडी, फक्त "जीप". पुडकं फोडलं की परत घेत नाहीत. साठ-सत्तर वर्षांच्या गाडीचा माल विकणाऱ्याने गिऱ्हाइकासमोर दाते मोजून द्यायला काय हरकत आहे? दोन मिनिटांचं काम आहे. मोजू देत नसतील तर सरळ बाहेर पडा.

आरसी बुकातल्या सालावरही जाऊ नका. आपल्याकडे डिस्पोजलच्या (सैन्याने विकून टाकलेल्या) आणि महिंद्राच्या मुंबईत बनलेल्या जीपची हाडं इतकी अदलाबदल झालीत की चॅसिसचं साल आणि केसचं साल जुळेलच असं नाही. मोजणं मात्र सोपं आहे, काही उतरवावं लागत नाही. केसच्या मागे पीटीओच्या (इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या जोडाच्या) जागी जे झाकण असतं ते काढा, नट आणि इनपुट गिअर समोर दिसतं. एका दात्याला खडू लावून मोजा. इंटरमीडिएट शाफ्टचं तोंड केसच्या मागच्या बाजूला लॉक प्लेटजवळ दिसतं, त्याला वर्निअर लावा. विकत घेणार त्या केसचेही हेच दोन आकडे घ्या.

माझं मत विचाराल तर ती केस घेऊ नका. या केसमध्ये हाय असो, लो असो, टू-व्हील असो, ताकद इंटरमीडिएट गिअरमधूनच जाते. सुया शाफ्टला चरे पाडतात, गिअर डुलतं आणि आवाज येतो. तुमचं दुखणं बहुतेक तेच. जाड शाफ्ट सोडून बारीक कशाला घ्यायचा? १ १/४ इंचाचा शाफ्ट, सुया आणि दोन थ्रस्ट वॉशर नवीन घाला. फक्त नवा शाफ्ट केसच्या भोकात अंगठ्याने सहज सरकत असेल तर भोकच वाढलंय, तिथे लेथवाल्याकडून स्लीव्ह बसवून घ्या, नाहीतर तिथूनच ऑइल गळत राहील. मागच्या आउटपुट शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे हलण्याची मोकळीक) शिम (पातळ चकत्या) घालून ०.००४ ते ०.००८ इंचात आणा.

गिअरबॉक्सच्या बाबतीत तुम्ही सुदैवी आहात, टी-९० ते टी-९० बरंच चालतं. पण सी प्रकार टाळा. त्याच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.३४ आहे, नेहमीच्या टी-९०चं २.८. क्लस्टर (खालच्या शाफ्टवरचा एकसंध गिअरचा गठ्ठा) एकाचा आणि मेनशाफ्टवरची गिअर दुसऱ्याची असं होऊ देऊ नका. एमबीचा टी-८४ तर वेगळाच बॉक्स आहे, त्यातलं काही उचलायला जाऊ नका. क्लस्टरचा एंड प्ले ०.०१२ ते ०.०१८ इंच ठेवा.

केस सोडवताना मेनशाफ्ट तिच्याबरोबर मागे ओढला जातो आणि गिअरबॉक्सच्या आतला माल विस्कटतो. आधी वरचं झाकण काढून दुसऱ्या गिअरच्या मागे मेनशाफ्टला तारेचा फास घाला आणि टोकं त्याच झाकणाच्या पुढच्या दोन स्क्रूंना (ते परत अर्धे फिरवून ठेवा) घट्ट पिळून बांधा. शिफ्टच्या दोन दांड्यांमधली इंटरलॉकची गोळीही सांभाळा. ती हरवली तर टू-व्हीलमध्ये लो पडतो आणि मागचा एक्सल भरडतो.

ऑइल जीएल-५ ग्रेडचं नको, ते सिंक्रोच्या (गिअर न खडखडता पाडणाऱ्या) पितळी रिंगा खातं. साधं ९० नंबर जीएल-४ किंवा जीएल-१ घाला. गिअरबॉक्सचं ऑइल केसमध्ये झिरपतं, तेव्हा लेव्हल दोन्हीकडची बघा.