मुलांच्या सुरक्षेसाठी सोशल मीडियाला आधार जोडणं सक्तीचं करावं का?

माझ्या मते नको. अठराच्या आतलं कोण हे शोधायचं म्हटलं की अठराच्या पुढच्या प्रत्येकालाही कागद दाखवावा लागतो. म्हणजे नियम मुलांसाठी आणि झडती सगळ्यांची.

तुम्ही विचारलंय, ‘ज्याच्या मनात काळंबेरं नाही त्याने कशाला घाबरायचं?’ २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि ते लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. काय काळंबेरं होतं त्यांच्या मनात? त्या अटकेनंतरच ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिणाऱ्याला तुरुंगात टाकू देणाऱ्या आयटी कायद्यातल्या कलम ६६अ विरुद्ध याचिका झाली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. प्रत्येक खात्यामागे आधार असेल, तर असं काही लिहिताना लोक दहादा विचार करतील आणि बहुतेक जण गप्पच बसतील.

शिवाय गोळा केलेले कागद फुटतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपनेच सांगितलं, की बाहेरच्या कंत्राटदाराकडून सुमारे ७० हजार जणांच्या ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत. वयाच्या तक्रारी तपासण्यासाठीच ते घेतले होते!

आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला बंदी आहे. हे मला मनापासून पटतं. मुलांचा डेटा वापरण्याआधी पालकांची संमती घ्या, हे त्यातलं कलम मात्र आपल्या घरांत कसं चालणार कोण जाणे. बाबांचा फोन पोराच्या हातात, ओटीपीही त्याच फोनवर. आमच्या सासूबाईंच्या मोबाइलची सगळी सेटिंग्ज सातवीतली नात करून देते. कोणी कोणाला संमती द्यायची?

त्यापेक्षा अ‍ॅपच्या रचनेला हात घाला. ब्रिटनची मुलांसाठीची डिझाइन संहिता, म्हणजे अ‍ॅप मुलांचं हित बघून कसं बनवायचं याचे नियम, सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. त्याच्या तोंडावर यूट्यूबने अठराखालच्यांसाठी ऑटोप्ले बंद ठेवायचं ठरवलं, टिकटॉकने १३ ते १५ वयाच्या मुलांना रात्री नऊनंतर नोटिफिकेशन पाठवणं थांबवलं. त्यासाठी कोणाचं ओळखपत्र मागावं लागलं नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना खातंच नाकारलं. मला ते टोकाचं वाटतं, पण सरकारी ओळखपत्र हा एकच मार्ग कंपनीला ठेवता येणार नाही, ही त्यातली अट आपणही उचलावी. दंडही कंपनीला आहे, मुलांना किंवा आईबापांना नाही.

तुमच्या नववीतल्या मुलाचं म्हणाल तर आधी त्याने खात्यात जन्मवर्ष काय टाकलंय ते बघा. इन्स्टाग्राम २०२५ पासून भारतातही अठराखालच्यांची खाती आपोआप प्रायव्हेट ठेवतं, अनोळखी लोकांचे मेसेज अडवतं, आणि सोळाखालच्यांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण चिरंजीवांनी १९९८ टाकलं असेल, तर इन्स्टाग्रामच्या लेखी ते केव्हाच मोठे झालेत.