पांघरूण कोणावर घालायचे

प्रिय मुला,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. सुगीच्या उपासनेनंतर झालेल्या लिलावाच्या जमेत साडेतीन हजार रुपये कमी आहेत, ते तुझ्याच मित्राने वापरले हे तुला कळले आहे, आणि तरुण संघाचा खजिनदार या नात्याने सभेत सांगावे की मैत्रीखातर गप्प बसावे, हे तुला सुचेनासे झाले आहे. तुझी अडचण मला कळते. मात्र तू त्याला ‘अस्तनीतला निखारा’ म्हटले आहेस, ते वाचून मला राग आला. अस्तनीत निखारा सापडला की माणूस विचार करत बसत नाही, हात झटकतो. लहानपणापासून तुझ्या शेजारी बसून गाणाऱ्या मुलाला झटकून टाकण्याची तयारी तू त्या एका शब्दात करून ठेवली आहेस.

दोषावर पांघरूण घालणे हे आपल्या बोलण्यात वाईटच समजले जाते. पवित्र शास्त्र मात्र याविषयी दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी सांगते. आपले अपराध झाकतो त्याचे बरे होत नाही, असे नीतिसूत्रांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. प्रीती पुष्कळ पापांना झाकते, असे पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. झाकणे तेच, कोणाचे झाकायचे एवढाच फरक. पांघरूण स्वतःवर ओढायचे नसते, दुसऱ्यावर घालायचे असते. एदेन बागेत आदाम आणि हव्वा यांनी स्वतःला झाकायला अंजिराची पाने शिवली, ती पुरली नाहीत. शेवटी देवानेच त्यांना चामड्याची वस्त्रे करून घातली.

नोहाची गोष्ट तू रविवारच्या शाळेत ऐकली आहेस, पण तारवापाशी थांबू नकोस, उत्पत्तीच्या नवव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत वाच. बाप द्राक्षारसाने धुंद होऊन डेऱ्यात उघडा पडला होता. हामाने ते पाहिले आणि बाहेर येऊन भावांना सांगितले. हाम खोटे बोलला नव्हता, हे नीट लक्षात घे. शेम आणि याफेथ यांनी वस्त्र खांद्यांवर घेतले, तोंडे फिरवली, पाठमोरे चालत आत गेले आणि बापाला झाकले. पाठमोरे चालणे किती अवघड असते, हे एकदा घरातल्या घरात चालून पाहा.

मी हाम झालो होतो. तेव्हा तुझ्या आताच्या वयाहून दहाएक वर्षांनी मोठा असेन, मंडळीचा सेक्रेटरी होतो. भजनाची पेटी दुरुस्त करण्यासाठी जमवलेल्या पैशांपैकी थोडे एका शिक्षकाच्या घरखर्चात गेले होते. मी वार्षिक सभेत उभा राहून त्यांच्या नावासकट आकडा वाचला. माझा आवाज जराही कापला नाही, आणि त्याचा मला अभिमान वाटला. ते गृहस्थ पुन्हा उपासनेला आले नाहीत. नंतर मी त्यांना दोन पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. त्याच वर्षी माझ्या स्वतःच्या वहीत एक खर्च दोनदा पडला होता. तो मात्र मी रात्री कंदिलाच्या उजेडात गुपचूप खोडून दुरुस्त केला. पांघरूण मी कोणावर घातले आणि कोणावरचे ओढून काढले, ते तूच पाहा. तरीही आकडा बरोबर होता, कोणीतरी विचारायलाच हवे होते, आणि मंडळीचा पैसा हा देवाचा पैसा आहे, हे माझे म्हणणे आजही तसेच आहे. विचारण्याची जागा चुकली. लक्तरे वेशीवर टांगतो म्हणताना टांगणारा हे विसरतो की यशया संदेष्टा आपल्या सर्वांच्या नीतिमत्त्वालाच मळक्या वस्त्राची उपमा देतो. माझे आणि त्या शिक्षकांचे कापड एकाच ताग्यातले होते.

आता तुझी दुसरी शंका. खर्चाची एखादी पावती जोडून हिशेब जुळवावा का, असे तू विचारतोस. मुळीच नाही! ते ठिगळ आहे. कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला लावले की ते आकसते आणि भोक मोठे होते, हे प्रभूने सांगून ठेवले आहे. माणसावर पांघरूण घाल, वहीवर नको. आणि ज्याने दुबळ्याला इजा केली आहे, जो पुन्हा करील, त्याच्यासाठी हे पांघरूण नाही. तिथे झाकायचे असते ते मार खाणाऱ्याला.

दुसऱ्याला झाकायचे तर कापड आपले लागते. ‘पदरात घेणे’ हा शब्द मला म्हणून फार आवडतो. पदर अंगावरच्या लुगड्याचाच असतो, त्यामुळे जवळ ओढल्याशिवाय कोणाला पदरात घेताच येत नाही. पवित्र शास्त्रातली विधवा रूथ बवाज या नातलगाच्या पांघरुणाचा आसरा मागते तो हाच. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना केडगावात आणले, तेव्हा राहण्याची पुरेशी सोयही तयार नव्हती. पदरात घेतले की पदरमोड आलीच. तुझ्या मित्राने कबूल केले आणि तरी रक्कम उभी राहिली नाही, तर तुझ्या पदरचे घाल. फार वाटते का तुला साडेतीन हजार? मग निम्मे मी देतो.

आमची आई पदर खोचायची तो कधी कामासाठी, कधी भांडणासाठी. खोचण्याच्या झटक्यावरूनच आम्हाला कळायचे. तूही कंबर बांधून जाशील, पण ज्या प्रभूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुवायला वरची वस्त्रे उतरवून कमरेला रुमाल बांधला, त्याच्यासारखी बांध. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आधी दोघांनीच एकांतात बोलायचे सांगितले आहे; सभा त्याच्या फार पुढे येते. शनिवारी गाण्याचा सराव संपल्यावर त्याला घरापर्यंत सोडायला जा. आधी त्याच्या घरी काय चालले आहे ते विचार; त्याची आई मिशनच्या दवाखान्यात दाखल होती, हे तुझ्याच पत्रात शेवटच्या ओळीत आहे. आणि वही घरीच ठेवून जा.

तुझा,
काका