सेन्सरवरचा डाग आणि जूनचा हप्ता

डिचोलीहून एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ३४, व्यवसाय लग्नसमारंभांचे छायाचित्रण, पत्नी अंगणवाडीत काम करतात आणि मुलगी चार वर्षांची आहे. मोसम संपत आला असताना त्यांच्या फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत आकाशाच्या एकाच जागी करडे ठिपके दिसू लागले आहेत. पणजीतला दुरुस्तीवाला सेन्सर साफ करण्याचे १,५०० रुपये मागतो, तर स्वॉब (सफाईच्या मऊ कापडी काड्या) आणि द्रावण असलेले किट २,२०० रुपयांना मिळते. त्यांचा प्रश्न असा: "किट घेऊन मी स्वतःच साफ केले तर? ओळखीचे दहा-बारा फोटोग्राफर आहेत, त्यांचे कॅमेरेही प्रत्येकी ८०० रुपयांत साफ करून दिले तर जूनमध्ये भरायचा पॉलिसीचा ६० हजारांचा हप्ता त्यातून सुटेल का?"

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपण ज्याला सेन्सर म्हणतो त्यावर धूळ प्रत्यक्षात बसत नाही. ती त्याच्यापुढच्या काचेच्या फिल्टरवर बसते. अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) अगदी लहान, एफ/१६ किंवा एफ/२२ ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून, मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या, म्हणजे ठिपके किती आणि कुठे आहेत ते स्पष्ट दिसेल. मग बॅटरी पूर्ण भरलेली असताना कॅमेऱ्याचे तोंड खाली करून रबरी ब्लोअरने हवा मारा. डबाबंद दाबाची हवा मात्र वापरू नका, कारण तिच्यातला द्रव काचेवर उडून डाग पाडतो. सुटी धूळ बहुधा एवढ्यानेच जाते, आणि हे काम प्रत्येक छायाचित्रकाराला यायलाच हवे. समुद्रकिनाऱ्यावर प्री-वेडिंग करताना लेन्स बदलल्यावर खारट ओलाव्यासह चिकटलेले कण ब्लोअरला दाद देत नाहीत. त्यांना २४ मिलिमीटरचा स्वॉब, द्रावणाचा एखाददुसरा थेंब आणि न थरथरणारा हात लागतो.

हिशेब असा. वर्षातून दोनदा सफाई आणि पेट्रोल धरून बाहेरचा खर्च ३,५०० रुपये होतो. बारा स्वॉबचे किट दोन वर्षे पुरले, तर घरचा खर्च वर्षाला अकराशे, म्हणजे बचत चोवीसशे रुपयांची. फिल्टरवर ओरखडा गेला, तर तुमच्या मॉडेलचे सेन्सर-युनिट बदलायला ५५ हजार लागतील, असे दुरुस्तीवाल्याने सांगितल्याचे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे एका चुकीत बावीस-तेवीस वर्षांची बचत जाते. शिकायचेच असेल तर जुन्या कॅमेऱ्यावर हात बसवा; लग्नांच्या कॅमेऱ्याची ओली सफाई तुळशीच्या लग्नाआधी एकदा आणि मोसम संपल्यावर एकदा पणजीतच करून घ्या.

दुसऱ्यांचे कॅमेरे हाती घेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. बारा जणांचे वर्षातून दोनदा धरले तर १९ हजार येतात, त्यातून स्वॉबचे सात हजार गेले की हाती बारा हजार राहतात. ६० हजारांच्या हप्त्याचा तो पाचवा हिस्सा झाला, आणि एकाच्या जरी कॅमेऱ्यावर ओरखडा पडला तरी भरपाई तुमच्या खिशातून जाईल.

आता त्या हप्त्याकडे वळू, कारण खरे दुखणे तिथे आहे. गेल्या वर्षी कॅमेरा आणि लेन्ससाठी तुम्ही साडेचार लाखांचे कर्ज १५ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता १५,६०० रुपये आहे. ते मंजूर करताना "कर्ज सुरक्षित होईल" असे सांगून एक एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेली) पॉलिसी तुम्हाला दिली गेली: दहा वर्षे दरवर्षी ६० हजार भरायचे, विसाव्या वर्षी "पैसे दुप्पट", विमा छत्र सहा लाख.

या पॉलिसीने कर्ज सुरक्षित होत नाही आणि कुटुंबही होत नाही. उद्या तुमचे बरेवाईट झाले तर पत्नीला सहा लाख मिळतील, त्यातले सुमारे सव्वातीन लाख कर्जात जातील, आणि उरलेल्या पावणेतीन लाखांत ३० हजार मासिक खर्चाचे घर जेमतेम नऊ महिने चालेल. चार वर्षांच्या मुलीच्या बापाला असे छत्र विकणाऱ्याने तुमच्या गरजेचा क्षणभरही विचार केलेला नाही, हे मी स्पष्टपणे लिहितो. कर्जाच्या आडून पॉलिसी गळ्यात मारणे विमा नियामकाच्या नियमांत बसत नाही.

"दुप्पट" या आश्वासनाचेही बघू. तुमचा एकेक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षे कंपनीकडे राहतो. एवढ्या काळात दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. तुम्ही पाठवलेल्या कागदावर बारा लाखांचा आकडा ८ टक्क्यांच्या रकान्यात आहे, आणि ते ८ टक्के तुमच्या हाती पडणारे व्याज नसून कंपनीच्या गुंतवणुकीवरील परताव्याचे गृहीतक आहे. हमी असलेली रक्कम त्याच पानावर साडेसात लाख छापलेली आहे. तुलनेसाठी, तेच ६० हजार दहा वर्षे पीपीएफमध्ये भरून ते खाते वीस वर्षांपर्यंत चालू ठेवले, तर आजच्या ७.१ टक्के दराने साडेसतरा लाखांच्या वर होतात. भरलेला पहिला हप्ता संपूर्ण बुडाला असे धरले तरी पुढच्या नऊ हप्त्यांचे पंधरा लाख होतात. पहिली दहा वर्षे एक कोटीच्या टर्म विम्याचा (ज्यात बचत नसते, फक्त मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम मिळते) हप्ता याच रकमेतून भरला, तरीही बारा लाखांच्या आसपास उरतात. म्हणून "एवढे भरलेय, आता कसे सोडू" हा विचार मनातून काढून टाका.

पण तूर्तास पीपीएफही नको. एका हाताने १५ टक्क्यांनी पैसे घेऊन दुसऱ्या हाताने ते साडेचार किंवा सात टक्क्यांनी ठेवण्यात कसलाच अर्थ नाही. यंदाच्या ६० हजारांतून प्रथम एक कोटीचा, साठीपर्यंतचा टर्म विमा घ्या. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, बारा-पंधरा हजारांत तो मिळायला हवा, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. दुसरे, साडेसहा लाखांचे सामान घेऊन तुम्ही मोरजीपासून काणकोणपर्यंत फिरता आणि त्याचा विमा नाही, हे वाचून मला काळजी वाटली. चोरी आणि अपघाती नुकसान धरणारी उपकरण-विमा पॉलिसी घ्या. त्यासाठी मी दहा हजार राखून ठेवीन. तिच्यात धूळ, बुरशी आणि नेहमीची झीज धरत नाहीत, म्हणून आणखी आठ-दहा हजारांचे ड्राय कॅबिनेट (हवा कोरडी ठेवणारे कपाट) घेऊन आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. सेन्सरवरचा डाग पुसता येतो, पण आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात लेन्सच्या आत वाढलेली बुरशी काचेचा लेप कायमचा खाऊन टाकते. उरलेले पंचवीस-तीस हजार पावसाळ्याच्या खर्चासाठी बाजूला राहू द्या. घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ४५ हजार लागतात आणि जून ते सप्टेंबर काम नसते, म्हणजे खरी गरज पावणेदोन-दोन लाखांची आहे. पुढच्या मोसमात पहिली भर या निधीत आणि दुसरी कर्जाच्या मुद्दलात घाला. "यंदापासून कामे दरवर्षी २० टक्के वाढतील" हे तुमच्या पत्रातले वाक्य कोणत्याही हिशेबात धरू नका.

पॉलिसी नाकारून परत करण्याची ३० दिवसांची मुदत तुमच्या बाबतीत कधीच उलटली आहे. मात्र ती ऑक्टोबर २०२४ नंतरची असल्यामुळे, एका वर्षाचा हप्ता भरून पहिले वर्ष पूर्ण झाले की काहीतरी समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळते. तो आकडा कंपनीकडून लेखी मागवा. "कर्ज सुरक्षित होईल" असे सांगून विक्री झाल्याची तक्रारही प्रथम कंपनीकडेच लेखी करा. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर गोव्यासाठी मुंबईच्या विमा लोकपालांकडे जाता येते आणि त्याला शुल्क लागत नाही.

तुमचा हप्ता १४ जूनला आहे. वार्षिक हप्त्याला त्यानंतर ३० दिवसांची सवलत असते आणि त्या काळात जुने छत्र चालू राहते. टर्म विम्याचा अर्ज आणि वैद्यकीय तपासणी याच आठवड्यात उरकून घ्या, आणि नवी पॉलिसी हाती पडल्यावरच, त्या ३० दिवसांच्या आत, जुनीच्या समर्पणाचा अर्ज द्या. नुसता हप्ता न भरता गप्प राहू नका.