मनगटावरची दोन बोटं

खुर्चीत बसल्या बसल्या बाईंनी उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवली. नाव, वय चोपन्न, शाळेत गणित शिकवते, सगळं त्या नीट सांगत होत्या; बोटं मात्र तिथून हलत नव्हती. मध्येच वाक्य तुटायचं, ओठ मिटायचे, नजर एका जागी थांबायची आणि तीन-चार सेकंदांनी त्या पुन्हा बोलू लागायच्या. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी विचारलं, "आत्ता काय झालं?"

"चुकला," त्या म्हणाल्या. "एक ठोका चुकला."

पाच आठवड्यांपूर्वी हृदयाची बिघडलेली लय ताळ्यावर आणण्यासाठी त्यांचं ॲब्लेशन झालं होतं. (हा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्याआधी चार वर्षं एट्रियल फिब्रिलेशनने त्यांना छळलं होतं. या आजारात हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात आणि नाडी वाटेल तशी धावते. औषधांनी भागेना, म्हणून जांघेतल्या शिरेतून हृदयापर्यंत बारीक नळी नेऊन ॲब्लेशन केलं. दुसऱ्या दिवशी घरी. सगळे म्हणाले, सुटलात! आणि आठवड्याभरात ठोके पुन्हा अडखळायला लागले.

"एवढं करूनही चुकतातच. म्हणजे ते फसलं, असंच ना?"

ॲब्लेशननंतर माझ्याकडे येणारे बहुतेक जण याच प्रश्नापाशी अडकलेले असतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना सांगितलंत का? बाईंनी मान खाली घातली. दिवसातून चाळीस वेळा नाडी बघणाऱ्या, घड्याळावर ईसीजी काढणाऱ्या बाईंनी डॉक्टरांना एक फोन केला नव्हता. "ते 'फसलं' म्हणाले तर?" एवढंच त्या म्हणाल्या. असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. माणूस पुरावा गोळा करत राहतो आणि निकाल सांगू शकेल त्याच्यापासून दूर पळतो. त्या दिवशी आम्ही भीतीवर काहीच काम केलं नाही. माझ्यासमोर त्यांनी डॉक्टरांना फोन लावून वेळ घेतली, एवढंच.

पुढच्या भेटीत त्या यजमानांना घेऊन आल्या. ईसीजी झाला होता, चोवीस तासांचा होल्टर (अंगावर लावून प्रत्येक ठोका नोंदवणारं छोटं यंत्र) झाला होता. त्यात अवेळी पडणारे एकेकटे ठोके होते, सहा-सात ठोके सलग वेगाने पडल्याच्या दोन-तीन छोट्या धावा होत्या. डॉक्टरांनी पाचव्या आठवड्यात हे अपेक्षित असल्याचं सांगितलं होतं. पण 'अपेक्षित आहे' हे शब्द घाबरलेल्या माणसाच्या कानावरून नुसते वाहून जातात. त्याला 'का' हे कळावं लागतं, आणि या बाई तर गणिताच्या. तेव्हा आम्ही तिघांनी बसून ते पुन्हा समजून घेतलं.

1998 साली फ्रान्समधल्या बोर्डो इथल्या मिशेल हैसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की फिब्रिलेशन पेटवणाऱ्या ठिणग्या बहुतांशी फुफ्फुसाकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या आत असतात. म्हणून ॲब्लेशनमध्ये त्या शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने, अतिथंडीने किंवा विजेच्या क्षणार्धाच्या झटक्यांनी व्रणाचं कडं तयार करतात. ठिणगी पडली तरी ती कड्याच्या आतच विझावी. पण व्रण एका दिवसात पक्का होत नाही. सुरुवातीचे आठवडे ती जागा सुजलेली, चिडलेली असते, आणि चिडलेला स्नायू मध्येच ठोका टाकतो. त्यामुळे या काळात आलेली अनियमितता अपयश म्हणून मोजत नाहीत. डॉक्टर याला ब्लँकिंग पिरियड म्हणतात. पूर्वी तो तीन महिन्यांचा धरत, 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मतैक्याने तो आठ आठवड्यांवर आणला.

"म्हणजे आठ आठवड्यांपर्यंत काहीही झालं तरी चालतं?" यजमानांनी विचारलं. तसं नाही, आणि ते मी स्पष्ट सांगते. या काळात फिब्रिलेशन परत दिसलेल्या अनेकांचं पुढे छान चालतं; मात्र ज्यांना ते दिसतं, त्यांच्यात पुढे आजार परतण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हेही खरं आहे. खोटा दिलासा मी देत नाही. तो दोन दिवस पुरतो, आणि नंतर माणूस माझ्यावरचा विश्वासही गमावून बसतो.

बाईंना खरा आधार मिळाला तो एका साध्या गोष्टीने. त्यांना जो ठोका चुकल्यासारखा वाटतो, तो बहुधा चुकलेला नसतो, घाईने आलेला असतो. कप्पा पुरता भरायच्या आतच तो पडतो, म्हणून कमजोर असतो आणि मनगटाशी पोचतच नाही. त्यानंतर हृदय किंचित थांबतं. तेवढ्यात कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि पुढचा ठोका धाडकन छातीवर आदळतो. बाई जिला खड्डा म्हणत होत्या ती त्या घाईच्या ठोक्यामागची विश्रांती, आणि धक्का म्हणत होत्या तो भरलेल्या हृदयाचा जोरदार ठोका. निरोगी माणसाला होल्टर लावला तरी असे ठोके सापडतात. बाईंनी वहीत आडवी रेघ काढली, तिच्यावर समान अंतराने उभ्या खुणा केल्या, एक खूण थोडी अलीकडे सरकवली आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या. "कालमापन चुकलंय. बेरीज बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आपल्याकडे भीतीलाच 'काळजाचा ठोका चुकला' म्हणतात. ज्याचा ठोका खरोखर अडखळतो त्याला भीती वाटल्यावाचून राहील कशी?

आणखी एक आकडा त्यांना छळत होता. पूर्वी बसल्या जागी नाडी 62 असायची, आता 78. त्याचंही कारण आहे. त्या शिरांच्या आसपास हृदयाचा वेग आवरणाऱ्या मज्जातंतूंची जाळी असतात आणि ॲब्लेशनमध्ये तीही थोडी दुखावतात. त्यामुळे नाडी दहा-पंधराने वाढते आणि काही महिने तशी राहू शकते.

मग मी एक चूक केली. तिसऱ्या भेटीत त्यांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. चिंतेसाठी हा व्यायाम सर्रास देतात. दोन मिनिटांत त्यांचा चेहरा पांढरा पडला. डोळे मिटून छातीकडे लक्ष द्या असं मी ज्यांना सांगत होते, त्या गेले पाच आठवडे दुसरं काही करतच नव्हत्या! ज्यांची भीती छातीतच आहे त्यांना लक्ष आत नाही, बाहेर न्यायला शिकवावं लागतं: पायाखालची फरशी, खिडकीबाहेरचे आवाज, समोरच्या कपाटावरच्या पुस्तकांची नावं. लांब सोडलेला उच्छ्वास पुढे उपयोगी पडलाही, पण उघड्या डोळ्यांनी आणि चालता चालता.

त्याच भेटीत आम्ही एक प्रयोग केला. पाच मिनिटं त्यांनी बोटं मनगटावर ठेवून बसायचं आणि ठोका अडखळला की कागदावर टिंब काढायचं. नंतर पाच मिनिटं हात टेबलावर ठेवून टेबलावरचं मासिक मोठ्याने वाचायचं, आणि अडखळल्याचं जाणवलं तरच टिंब. पहिल्या पाच मिनिटांत नऊ टिंबं, दुसऱ्यात एक.

बाई लगेच म्हणाल्या, "याचा अर्थ दुसऱ्या वेळीही चुकलेच असतील. मला कळले नाहीत इतकंच."

"शक्य आहे. मग न कळल्याने काय बिघडलं?"

त्या बोलल्या नाहीत. कागद मात्र घडी घालून पर्समध्ये ठेवला.

सगळं दुखणं माझ्या दृष्टीने इथेच आहे. ठोके हृदय टाकतं, पण त्यांच्यावर चोवीस तासांचा पहारा आपण बसवतो. पहारेकऱ्याला काही ना काही सापडतंच. सापडलं की छातीत धस्स होतं, अंगात ॲड्रेनॅलिन उसळतं, आणि ॲड्रेनॅलिन आणखी अवेळी ठोके टाकायला लावतं. नाडी बघून मिळणारा दिलासा चार मिनिटं टिकतो, म्हणून पाचव्या मिनिटाला पुन्हा बोटं मनगटावर जातात. 'नाडी बघू नका' असं नुसतं सांगून हे थांबत नाही. पहारा उठवायचा, तर खरा धोका ओळखायची पक्की व्यवस्था आधी हातात हवी.

ती त्यांच्या डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिली होती. शुद्ध हरपली, छातीत दाब आल्यासारखं दुखलं, बसल्या जागी धाप लागली, तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, जांघेतलं रक्त दाबूनही थांबेना किंवा तिथे सूज वाढू लागली, तर वाट न बघता रुग्णालय. ताप आला, गिळताना दुखलं, तर महिना उलटून गेला असला तरी तातडीने जायचं आणि समोरच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं, 'माझं अलीकडे ॲब्लेशन झालंय.' अन्ननलिका हृदयाला अगदी चिकटून असते. तिला इजा होणं फार विरळ, पण झाली तर जिवावरची, आणि ती काही आठवड्यांनीही उघड होऊ शकते. नाडी वेगाने आणि अनियमित धावत राहिली, तर बाईंसाठी डॉक्टरांनी मर्यादा ठरवली होती एका तासाची. तास झाला की फोन. प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते, ती आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावी. बाकी एकटेदुकटे ठोके वहीत एका ओळीत टिपायचे.

मग माझं काम सुरू झालं. नाडी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मध्ये इच्छा झाली तर दहा मिनिटं पुढे ढकलायची. नाही म्हणायचं नाही, फक्त ढकलायची. घड्याळ रात्री दुसऱ्या खोलीत. डाव्या कुशीवर झोपल्यावर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि ठोके जास्त जाणवतात, म्हणून उजवी कूस. पहिला आठवडा वाईट गेला, हेही सांगायला हवं. घड्याळ काढल्यावर मनगटावर उरलेल्या फिकट चौकोनाकडे त्या बघत बसायच्या.

यजमानांशी स्वतंत्र बोलावं लागलं. ते तासातासाला "बरं वाटतंय ना?" विचारायचे आणि रात्री बायको झोपली की तिच्या पाठीवर हात ठेवून जागे राहायचे. "तिला कळू देत नाही," म्हणाले. तिला सगळं कळत होतं. हात पाठीवर आला की त्या जाग्या व्हायच्या, झोपेचं सोंग घ्यायच्या, आणि दोघंही अंधारात एकच हृदय ऐकत पडायची. मी त्यांना विचारणं बंद करा म्हटलं नाही. विचारायचा प्रश्न बदला म्हटलं: "फिरायला येतेस?"

बाईंना आपल्या भीतीची लाजही वाटत होती. "ऑपरेशन झेललं आणि आता रडते." या आजारासोबत चिंता आणि उदासी येते, हे डॉक्टरही जाणतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत ॲब्लेशन झालेल्यांचा मानसिक ताण नुसत्या औषधांवर असलेल्यांपेक्षा कमी आढळला, पण तो सहा महिन्यांनी आणि वर्षभराने मोजल्यावर. पाचव्या आठवड्यात निवांत वाटलं पाहिजे, अशी सक्ती स्वतःवर करू नये.

सातव्या आठवड्यात एका संध्याकाळी खरोखरच फिब्रिलेशन आलं. नाडी 130 च्या पुढे, वेडीवाकडी. बाईंनी वेळ लिहिली, खुर्चीत बसल्या, तास झाल्यावर यजमानांनी फोन केला. रुग्णालयात ईसीजी झाला आणि गुंगी देऊन विजेच्या एका झटक्याने लय जागेवर आणली. ते लगेच करता आलं, कारण रक्त पातळ करणारी, गुठळी होऊ न देणारी गोळी त्यांनी एकदाही चुकवली नव्हती. मधे अंगावर निळे डाग दिसले तेव्हा ती बंद करायचं त्यांच्या मनात होतं. डॉक्टरांना विचारल्यावाचून नाही, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. बरं वाटू लागलं म्हणून या गोळ्या परस्पर सोडणारेही असतात, आणि तिथे मला खरी काळजी वाटते.

मला वाटलं होतं, या प्रसंगाने सगळं मागे जाईल. बाई आल्या त्या थकलेल्या होत्या, रडल्याही. मग म्हणाल्या, "ज्याला भीत होते ते येऊन गेलं. आणि ते आलं तेव्हा शोधावं लागलं नाही हो, आपोआप कळलं."

शोधावं लागलं नाही, हे वाक्य मी त्यांना वहीत लिहून ठेवायला सांगितलं.

पुढचं अजून ठरायचं आहे. डॉक्टर पुन्हा होल्टर लावतील. काहींना दुसरं ॲब्लेशन लागतं, त्यांनाही लागू शकेल. त्या शाळेत अर्धा वेळ जाऊ लागल्या आहेत. मागच्या भेटीत वही दाखवली. सुरुवातीची पानं दाट भरलेली, काही ठिकाणी एका तासाच्या सहा नोंदी. नंतर दिवसाला दोन, मग मधले दिवस कोरे. शेवटची नोंद गुरुवारची होती: 'जिना चढताना दोन ठोके अडखळले. वर्गाला उशीर झाला होता, मी थांबले नाही.'