खग्रास चंद्राचे छायाचित्र का बिघडते?

प्रश्न : ७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास चंद्रग्रहण मी रंकाळ्याच्या काठावरून २०० मिमी लेन्सने टिपले. आरंभीची चित्रे उत्तम आली, पण चंद्र पूर्ण झाकला गेल्यावर त्याच सेटिंगवर काहीच उमटले नाही. मग कॅमेरा ऑटोवर टाकला, तर चंद्र फिसकटलेला आला. असे का झाले?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पौर्णिमेचा चंद्र म्हणजे भर उन्हातला खडक, म्हणून त्याला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचे माप) ८ आणि शटर उघडे राहण्याचा वेळ १/२५० सेकंद पुरतात. खग्रास अवस्थेत मात्र पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला प्रकाश तेवढा त्याच्यावर पडतो. त्यातला निळा भाग वाटेतच विखुरतो आणि तांबडा उरतो, म्हणजे त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर चाललेल्या सगळ्या सूर्योदय-सूर्यास्तांचा उजेड आपण चंद्रावर पाहत असतो. हा उजेड मूळ चांदण्याच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. तेव्हा आयएसओ १६००, एफ ५.६ आणि एक सेकंद येथून सुरुवात करावी. ऑटोवर शटर फार वेळ उघडे राहिले असणार, आणि चंद्रबिंब तर दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतके सरकते. फोकसही उजळ कड शिल्लक असतानाच हाताने साधून ठेवावा, ट्रायपॉड वापरावा आणि बटण दाबताना हादरा बसू नये म्हणून टायमर लावावा.

सेटिंगचे कोणतेही कोष्टक मात्र अंतिम मानू नये. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र विलक्षण काळवंडला, कारण वातावरणात उंचावर ज्वालामुखीचे सूक्ष्म कण साचले होते. म्हणून अर्धा, एक, दोन सेकंद अशी निरनिराळी चित्रे घ्यावीत आणि नुसत्या डोळ्यांना दिसलेला रंग वेळेसह वहीत नोंदवावा. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दांजाँ यांच्या शून्य (अगदी काळा चंद्र) ते चार (उजळ तांबडा) या श्रेणीत अशी नोंद आजही मोलाची आहे, आणि ती कॅमेऱ्याविनाही करता येते. माझा तर आग्रह आहे की नोंद आधी, चित्र नंतर.

प्रश्न : डोळ्यांना चष्मा लागतो का? पुढची संधी कधी?

उत्तर : चष्मा अजिबात लागत नाही, ती काळजी सूर्यग्रहणाची. ३१ डिसेंबर २०२८ रोजी रात्री सुमारे पावणेदहा ते अकरा या वेळेत खग्रास अवस्था कोल्हापुरातून दिसेल. चंद्र तेव्हा आकाशात बराच उंच असल्याने रंकाळ्याचे पाणी आणि तांबडा चंद्र आपल्या लेन्सच्या एका चौकटीत मावणार नाहीत. थंडीत लेन्सवर दव धरते, त्यासाठी सुती फडके जवळ ठेवावे.